'निरीक्षक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलेलं)

निरीक्षक,

मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारावरचं संशोधन कुठून कुठे सरकलं, हे शोधनिबंधांतले शब्द मोजून दाखवणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत. इतरांना शोधायला लागू नये म्हणून ते जसंच्या तसं देते: "ताई, गूगलवरून लेख पाडणं सोपं असतं. शोधनिबंध मोजणं म्हणजे संशोधन समजणं नव्हे. नावं बदलली म्हणून आकडे फुगले, इतकंच. बिन्स्वांगरचं साल चुकलंय. रक्तदाबावर धड चार ओळी नाहीत, आणि 'उपचार दृष्टिपथात' असं उपशीर्षक देऊन तुम्ही पेशंटच्या घरच्यांना खोटी आशा लावताय."

साल खरंच चुकलं होतं. ओटो बिन्स्वांगर या डॉक्टरांनी मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याच्या (आतल्या मज्जातंतूंच्या भागाच्या) झिजेचं वर्णन केलं ते १८९४ साली, मी १९८४ टंकलं. दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवली की मी मान्य करते, वाद घालत बसत नाही.

आता 'ताई'. मी तुमची ताई नाही. अनोळखी बाईला ताई म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात तिने लेख 'पाडला' म्हणायचं, ही कुठली रीत? माझ्याजागी कुणी डॉक्टर असते तर तुम्ही 'सर, एक शंका आहे' अशी सुरुवात केली असती. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहिलंय. पण बावीस वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात काढली आहेत, आणि त्यातली सुरुवातीची गूगल घरोघरी पोचण्याआधीची. तेव्हा 'इंडेक्स मेडिकस' या वैद्यकीय निबंधांच्या छापील सूचीचे जाडजूड खंड टेबलावर उघडून, पट्टी ठेवून ओळी वाचायच्या. एका निवासी डॉक्टरला या आजारात मेंदूत दिसणाऱ्या पांढऱ्या डागांवरचे निबंध हवे होते. मला तीन दिवस लागले. काही स्मृतिभ्रंशाखाली होते, काही रक्तदाबाखाली, काही तर सीटी स्कॅनच्या तंत्राखाली. एकाच आजाराचे कागद चार घरी दत्तक दिल्यासारखे. तेव्हा नावांचं महत्त्व मला शिकवू नका.

तुमच्या त्या 'इतकंच'वर मात्र मला थांबायचंय.

१९८७ साली मेंदूविकारतज्ज्ञ हचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ल्युकोअरायोसिस' हा शब्द घडवला. ग्रीकमधून, पांढरं आणि विरळ अशा अर्थाचा. का? तर स्कॅनवर काहीतरी दिसतंय, पण ते कशामुळे आहे हे ठाऊक नाही, म्हणून कारणाचा दावा न करणारं नाव हवं होतं. त्याच वर्षी फाझेकास यांची, डाग किती आहेत हे सांगणारी शून्य ते तीन अशी श्रेणी आली, जी आजही रिपोर्टांत दिसते. त्यानंतर ज्याला जो शब्द सुचला तो त्याने वापरला. एका गटाचा लॅक्युन (सूक्ष्म वाहिनी बिघडून मेंदूत उरलेला बारीक खड्डा) दुसऱ्याच्या लेखी रक्तवाहिनीभोवतीची रुंदावलेली पोकळी. अशा अभ्यासांची बेरीज करणार कशी? २०१३ साली 'स्ट्राइव्ह' या आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या ठरवल्या (लॅक्युन साधारण ३ ते १५ मिलिमीटरचा, वगैरे) आणि २०२३ साली त्या सुधारल्या. हे 'इतकंच' वाटतं तुम्हाला?

आणि सगळीच नवी नावं म्हणजे जुन्या बाटलीवरचं नवं लेबल नसतं. 'ग्लिम्फॅटिक' हा शब्दच २०१२ सालचा, कारण मेंदूतला कचरा वाहून नेणाऱ्या वाटांची ती कल्पना तेव्हा मांडली गेली. रक्तवाहिनीभोवतीच्या ज्या पोकळ्यांकडे रेडिओलॉजिस्ट एरवी बघून न बघितल्यासारखं करत, त्या अचानक अभ्यासाचा विषय झाल्या. त्याआधी १९९६ साली कॅडासिल या आनुवंशिक प्रकारामागचं नॉच-थ्री हे जनुक सापडलं. उच्च रक्तदाब नाही, वयही फार नाही, तरी वाहिन्यांच्या भिंती बिघडलेल्या. त्यामुळे प्रश्नच बदलला: वाहिनी बंद कशी पडते हे सोडून, तिची भिंत झिरपते का, तिची आकुंचन-प्रसरणाची ताकद जाते का, असं लोक विचारू लागले. मी मोजले ते शब्द या बदलांचे माग आहेत. आकड्यातला काही भाग निव्वळ नव्या नावामुळे फुगला असेल. तो किती, हे मी लेखात वेगळं काढून दाखवलेलं नाही, हेही खरं. पण म्हणून सगळी मोजदाद फुकट, असं म्हणणं म्हणजे तापमापी थोडी पुढे दाखवते म्हणून तापच नाही म्हणण्यासारखं आहे.

नावाने काय होतं, हे मी घरातही पाहिलंय. अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या एमआरआयच्या रिपोर्टवर शेवटून दुसरी ओळ होती: 'एज रिलेटेड चेंजेस'. डॉक्टर म्हणाले, वय झालं की व्हायचंच. त्या वेळी बाबा उंबरठ्याशी अडायला लागले होते. मोकळ्या खोलीत चालायचे, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, मग चार-पाच बारीक पावलं जागच्या जागी, आणि मग एकदम पलीकडे. चपला पुढून झिजायच्या. काही विचारलं तर उत्तर बरोबरच यायचं, पण तोवर विषय बदललेला असायचा. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो. आई तर ऐकू येत नाही समजून ओरडून बोलायची. पाच वर्षांनी दुसऱ्या स्कॅनवर जवळपास तेच डाग होते, थोडे जास्त, पण या वेळी आजाराचं नाव लिहिलेलं होतं. आईने ओरडणं थांबवलं. दोन्ही फिल्म माझ्या कपाटात आहेत. तुमच्या कपाटात काय आहे मला माहीत नाही.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. त्यांत फारसा दम नाही, पण उत्तर दिलं नाही असं नको.

रक्तदाब. एसपीएस-थ्री चाचणीत लॅक्युनर स्ट्रोक (सूक्ष्म वाहिनी बंद पडून होणारा झटका) झालेले तीन हजारांवर रुग्ण होते. वरचा आकडा १३० खाली आणल्यावर मेंदूतला रक्तस्राव स्पष्ट घटला, एकूण स्ट्रोकमधली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकली. स्प्रिंट-माइंड या दुसऱ्या चाचणीत १२० खाली ठेवलेल्यांचे पांढरे डाग कमी वाढले. हे मला ठाऊक आहे. माझा लेख संशोधनाच्या दिशांवर होता, गोळ्यांवर नाही. सगळंच एका लेखात कोंबायचं असेल तर तुम्ही लिहा, मी वाचेन.

'उपचार दृष्टिपथात'. २०२३ साली निकाल आले त्या लॅसी-टू चाचणीबद्दल ते उपशीर्षक होतं. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल ही दोन जुनीच औषधं, ३६३ रुग्ण, दुसरा टप्पा, आणि मुख्य हेतू मोठी चाचणी जमेल का हे पाहणं. एवढ्यावरून कुणी औषध सुरू करू नये, हे मी लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल. वाचक दूधखुळे नसतात. दृष्टिपथात म्हणजे हातात नव्हे, इतकं मराठी सगळ्यांना येतं. उपशीर्षक तसंच राहील.

खोट्या आशेबद्दल मला सांगू नका. आमच्या घरी आशा हा शब्द कुणी वापरत नाही. वहीत सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहितो आणि दारांचे उंबरठे काढून टाकलेत.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त ताई वगळून. आता उठते. बाबांनी हाक मारून दोन मिनिटं झाली, काय हवंय ते एव्हाना त्यांच्या ओठांवर आलं असेल.