गळा कापला तर 18, खिसा कापला तर 3

परवा ताईकडे गेलो तर भाचा तिच्या फोनवर पाकिटं फोडत बसलेला. क्रिकेटचा गेम. पाकीट थरथरतं, सोनेरी उजेड पडतो, आतून एक खेळाडू निघतो. "मामा, परत तोच आला रे!" म्हणून चिडला आणि लगेच पुढचं पाकीट. मला शाळेसमोरच्या दुकानातलं सोरट आठवलं. चिठ्ठी फाडायची, नंबर बघायचा, हातात यायचा फुगा. वर टांगलेला मोठा चेंडू कुणाला लागलेला मी तरी पाहिला नाही.

गेमच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 3+. म्हणजे तीन वर्षांच्या पोरालाही चालेल.

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे. 2023 च्या दुरुस्तीने 'यूए'चेसुद्धा (लहानांनी पालकांच्या देखरेखीत बघायचे सिनेमे) वयानुसार 7, 13, 16 असे भाग पाडले. गेमला तसं काही नाही. प्ले स्टोअरवरचा आकडा येतो 'आयएआरसी' नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून. गेम बनवणारा स्वतःच प्रश्नावली भरतो: रक्त आहे का, शिव्या आहेत का, जुगार आहे का. त्यावरून आकडा आपोआप निघतो. थोडक्यात, स्वयंघोषणापत्र. चूक सापडली तर आकडा बदलतात, पण ते नंतर.

या सगळ्याचं मूळ रक्तात आहे. 1993 मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' या रक्तबंबाळ मारामारीच्या गेमवरून अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करेल या धास्तीने गेम कंपन्यांनी 1994 मध्ये गेमना वयाचा आकडा देणारं आपलंच 'ईएसआरबी' मंडळ उभं केलं. तेव्हा पाकिटं नव्हतीच.

युरोपात हेच काम करणाऱ्या 'पेगी'ने तर कमाल केली. 'बलात्रो' हा पत्त्यांचा गेम. पोकरचे हात लावायचे, पण एक पैसाही पणाला लागत नाही. त्याला 18! आणि पैसे घेऊन खेळाडूंची पाकिटं विकणाऱ्या 'ईए स्पोर्ट्स एफसी' या फुटबॉलच्या गेमला तेव्हा 3. पत्ते दिसले की जुगार, असा आमच्या आजोबांचा न्याय. अपील झालं, तेव्हा फेब्रुवारी 2025 मध्ये 'बलात्रो' 12 वर आला. (पाकिटांबद्दलची सूचना गेमच्या डब्यावर असते म्हणे. डबा आता बघतो कोण?)

ऑस्ट्रेलियाचं मला पटलं. सप्टेंबर 2024 पासून तिथे पैसे देऊन नशीब आजमावायचं असलं, की नव्या गेमला किमान 'एम', म्हणजे 15 च्या आतल्यांसाठी नको.

तूर्तास ताईच्या फोनवर खरेदीला पासवर्ड टाकून आलोय. भाच्याने कट्टी घेतली आहे.