होडी झाली, तांडेल होईना

मे महिन्यात आमचे चाकरमानी मेहुणे मुंबईहून आले ते पोरासाठी रिमोटची बोट घेऊनच आले. प्लॅस्टिकची, लालभडक, खाडीत सोडली की झुंईईई करत गोल फिरायची. तिच्यात एक प्लॅस्टिकचा माणूस होता, ढिम्म बसलेला. बोट उलटली तरी तसाच बसलेला. आता गप्प बसायचं ना मी, पण जेवण जरा जड झालं होतं आणि तोंडातून निघून गेलं की ह्याला काय अर्थ आहे, माणूस हलला पाहिजे. मेहुणे म्हणाले, "मग भावोजी, करा की तुम्ही. गणपतीला येतो तेव्हा बघू." बायको आतून हसलेली मला स्पष्ट ऐकू आली.

तर आधी एक सांगतो, होडी बनवणं सोपं आहे. नऊ मीटरची होडी एकास दहा प्रमाणात, म्हणजे नव्वद सेंटिमीटर. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, त्याच्या फासळ्या केल्या, वरून तीन एमएमचं प्लाय चढवलं. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो ती नळी जुन्या छत्रीच्या दांड्याची, आणि तिच्यात गॅरेजमधून आणलेलं ग्रीस ठासून भरलं, नाहीतर तिथूनच पाणी आत येतं. हे सगळं पंधरा दिवसांत झालं. फक्त आबांचं (शेजारचे, वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी स्वतः होड्या बांधलेले) ऐकून वरून डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल, लावलं ती चूक झाली. म्हणजे होडीला ते उत्तमच, पाणी शिरत नाही, कीड लागत नाही. पण ते कातडीला लागलं की भाजतं हे आबांनी नंतर सांगितलं. हाताची सालं निघाली आणि ऑफिसातल्या अंगठ्याच्या मशीनने मला तीन दिवस ओळखच दाखवली नाही.

आणि मग आला माणूस.

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्यावर झाकून ठेवलेले, जाळी विणून झालेली, पाऊस बदाबदा. म्हणजे सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीकाठचे जेवढे म्हणून तज्ज्ञ आहेत ते सगळे दोन महिने रिकामे आणि माझी पडवी कोरडी. होडी होत होती तोवर कोणी काही बोललं नाही, कारण होडीत चूक काढायला होडी कळावी लागते. पण माणसाबद्दल सगळ्यांनाच कळतं.

एकास दहा म्हणजे साडेसोळा सेंटिमीटरचा माणूस आणि त्याचं डोकं साधारण सव्वादोन सेंटिमीटरचं. ह्या मापाची गोल, हलकी, टिकाऊ वस्तू देवाने कोकणात आधीच करून ठेवली आहे, सुपारी. दोन संध्याकाळी खपून एक सुपारी पॉलिश पेपरने घासली, नाक कोरलं, मानेसाठी खालून भोक पाडलं (सुपारीला भोक पाडणं हा वेगळा लेख आहे), आणि चहा आणायला आत गेलो. बाहेर येतो तर कट्ट असा आवाज. आबांच्या हातात अडकित्ता.

"आबा, ते डोकं होतं!"

"माका काय ठावक," आबा चघळत म्हणाले, "तुज्या पानाच्या तबकातच होती. पण जरा जून आसा रे."

दुसरं डोकं मी रंगवूनच पडवीत आणलं.

आता त्याचं हलणं. माझी आयडिया अशी की होडी जिकडे वळेल तिकडे तांडेलाने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, बघायचं. त्यासाठी सर्वो लागतो. सर्वो म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान, नऊ ग्रॅमची मोटर. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर तिला सेकंदाला पन्नास वेळा पल्स पाठवतो, पल्स दीड मिलिसेकंदाची असेल तर ती मधे थांबते, एकची असेल तर एका टोकाला, दोनची असेल तर दुसऱ्या. म्हटलं सुकाणूचा आणि मानेचा सर्वो एकाच वाय केबलवर (एका सिग्नलचे दोन फाटे करणारी वायर) जोडला की झालं काम. जोडला. सुकाणू उजवीकडे फिरवलं, तांडेलाने डावीकडे बघितलं. डावीकडे फिरवलं, उजवीकडे. जणू खाडीत काय चाललंय त्याच्याशी त्याचं घेणंदेणंच नाही. रिमोटवर उलटं करायचं बटण असतं, ते दाबलं तर मान सुलटी झाली पण सुकाणूही उलटं झालं, म्हणजे भांडण तिथल्या तिथेच.

मोटर उलटी बसवायला आत जागा नव्हती. चार दिवस मी तसाच. मग रविवारी पितळेची तार आणायला कुडाळला गेलो होतो, परतीला पिंगुळीला थांबलो. तिथे ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या घरच्यांनी गोठ्याचं म्युझियम केलंय. तिथे त्या बाहुल्या दोऱ्यांवर टांगलेल्या बघितल्या आणि मला एकदम लाज वाटली. ना बॅटरी, ना मिलिसेकंद, नुसते दोरे. ज्या बाजूचा दोरा ओढाल त्या बाजूला मान. अरे मग दोरेच अदलाबदल करायचे की! घरी येऊन मानेला आडवी काडी बसवली, सर्वोपासून तिच्यापर्यंत तंगुसाचे (मासेमारीच्या नायलॉनचे) दोन दोरे नेले आणि मधे फुलीसारखे एकमेकांवरून घेतले. उजवीकडचा डाव्या टोकाला, डावीकडचा उजव्या. सुकाणू उजवीकडे, तांडेलही उजवीकडे. मी रात्री साडेअकराला घरात ओरडलो, बायको म्हणाली, "अहो, शेजारी काय म्हणतील, झोपा."

मान झाली, आता हात. वल्हं मारण्यासाठी मिनिटाला तीस फेऱ्यांची गिअर मोटर हवी होती, मी ऑर्डर करताना एक शून्य जास्त बघितलं नाही आणि तीनशेची आली. चालू केली. पडवीत शांतता पसरली. आबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो वल्हयता काय ताक घुसळता?"

तीसची मोटर यायला आठ दिवस गेले, तेवढ्यात मुख्य आक्षेप आला. तो आणला ट्रॉलरवाल्या भाऊंनी. भाऊंचं एक कायमचं दुखणं आहे, खलाशी. गावातली पोरं बोटीवर यायला तयार नाहीत, बाहेरून आणावे लागतात, पार नेपाळहून, आणि त्यातलेही काही आगाव (अॅडव्हान्स) घेतात आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच गायब. विषय कुठलाही असो, भाऊ दहाव्या मिनिटाला खलाशावर येतात. तर भाऊंनी माझा माणूस निरखून बघितला आणि म्हणाले, "तांडेल खंय वल्हयता रे? तांडेल हुकूम करता. ह्यो खलाशी." सगळ्यांनी माना हलवल्या. शिवाय मोटर असताना हा वल्हवतो कशाला, हा आबांचा प्रश्न होताच, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण खलाशी म्हटल्यावर निदान हुद्द्याचा वाद मिटला. बायको म्हणाली, "म्हणजे अडीच महिने राबून तुम्ही त्याचं डिमोशन केलंत." टोपी काढून डोक्याला फडकं बांधलं.

विहिरीजवळच्या डोणीत टेस्ट घेतली तर वल्हं एका बाजूला गेलं की अख्खी होडी कलायची. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या तळाशी अंथरल्या, मग सरळ राहिली.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खाडीत सोडली. आता हे कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं की पौर्णिमेला जेवढी मोठी भरती तेवढीच जोरात सुकती, पण मी पाण्याकडे बघतच नव्हतो, मी त्याच्याकडे बघत होतो. काय दिसत होता! मान वळवून बांधावरच्या लोकांकडे बघत, संथ वल्हं मारत. पोरं टाळ्या वाजवत होती. साधारण साठ-सत्तर मीटरवर मी डावीकडे वळवली आणि तो वळला नाही. परत फिरवलं सुकाणू. नाही. नीट दिसावी म्हणून मी अँटेना होडीच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली दडपली होती, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही हे मी स्वतः मेहुण्यांना मे महिन्यात समजावलं होतं. बरं, सिग्नल गेला की मोटर बंद व्हायला हवी, पण काही रिसीव्हर पहिल्यांदा रिमोटशी जोडताना त्याच्या काड्या (स्टिक) जिथे असतील तेच लक्षात ठेवतात, आणि जोडताना माझी स्पीडची काडी अर्ध्यावर होती. त्यामुळे अर्ध्या स्पीडने, सुकतीबरोबर, वल्हं मारत खलाशी निघाला समुद्राकडे. पोरं अजून टाळ्याच वाजवत होती.

भाऊंनी होडी काढली. मी किनाऱ्यावर रिमोट धरून उभा, कुठलंही बटण काम करत नसताना. पाऊण तासाने ते आले, मांडीवर माझी होडी. चिप्यांच्या (खारफुटीच्या) मुळांत अडकली होती म्हणे. बॅटरी उतरल्यावर मोठी मोटर आपोआप कट झाली, ती तशी होतेच, पण रिसीव्हरला आणि त्या गिअर मोटरला करंट चालू राहतो. आत गुडघाभर पाणी, म्हणजे त्याच्या गुडघ्याभर, फडकं वाहून गेलेलं, डोक्याचा रंग उडून खालची सुपारी दिसतेय, आणि हा वल्हवतोय. मिनिटाला तीस.

भाऊ काही बोलले नाहीत. होडी माझ्या हातात दिली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, मग माझ्याकडे.

"आगाव किती मागता ह्यो?"