तिरफळं मागितली, त्रिफळा मिळाला

परवा पुण्यात एका दुकानात माशाच्या आमटीसाठी तिरफळं मागितली. दुकानदाराने त्रिफळा चूर्णाची डबी पुढे केली, वर "रात्री कोमट पाण्यातून घ्या, काकू" असा सल्लाही दिला. इकडे घरी ओट्यावर बांगडे ताटकळलेले!

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तिरफळाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे कोकण-गोव्यातलं काटेरी झाड, लिंबाच्या कुळातलं. गोव्यात याला तेफळ म्हणतात. हिरवे घोस उन्हात वाळले की फळं उकलतात. आतलं काळं चकचकीत बी फेकायचं, स्वाद सगळा सालीत.

आता माझं ठाम मत, भांडायचं तर भांडा: तिरफळ वाटणात घालणाऱ्याला बांगड्याचं तिखलं करायचा अधिकार नाही. ओलं खोबरं, सुकी मिरची, हळद एवढंच वाटायचं. कोकमं घालायची. तिरफळं वेगळी, बत्त्याने नुसती चेचून, आमटीत सोडायची. आई म्हणायची, "ठेचून घाल गो, वाटू नको." वाटलीत की कडवटपणा उतरतो. कांदा नको, फोडणी तर नकोच. आणि पापलेटाला तिरफळ कशाला? त्याची गरज बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाला, त्यांचा उग्र वास तेच आवरतं. सारस्वतांकडे बिनमाशाच्या आमटीतही पडतं, तेही झकास लागतं.

साल चुकून चावली गेली तर जीभ झिणझिणते. चीनमधली सिचुआन मिरी याचीच चुलत बहीण. लंडनच्या संशोधकांनी 2013 साली ती लोकांच्या ओठांना लावून पाहिली, तर ती झिणझिण सेकंदाला साधारण 50 वेळा थरथरणाऱ्या वस्तूच्या स्पर्शासारखी निघाली. दाढ ठणकली की आजी तिरफळाची साल दाताखाली धरायला लावायची, ते उगाच नव्हे. पण बधिर होणं म्हणजे बरं होणं नाही. माझी दाढ शेवटी डॉक्टरांनीच काढली. पोटातल्या गॅसवरही तिरफळ देतात. मला विचाराल तर औषध म्हणून चघळण्यापेक्षा आमटीतून पोटात गेलेलं बरं.

हल्ली मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर याला 'इंडियन सिचुआन पेपर' म्हणतात. अरे, त्याला स्वतःचं नाव आहे की!

त्या दिवशी बांगडे मुकाट्याने तळून खाल्ले. सावंतवाडी-कुडाळकडून कोणी पुण्याला येणार असेल तर कळवा. पाव किलो हवीत, बिया काढलेली.