शेती आली आणि राजा आला? मध्ये पाच हजार वर्षं गेली!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: दहा हजार वर्षांपूर्वी माणसाला शेतीचा शोध लागला, त्यामुळे भटका माणूस एका जागी थांबला, धान्य उरू लागलं, पोटाची चिंता मिटल्यावर फावला वेळ मिळाला, त्यातून मंदिरं, राजे, लिपी आणि शहरं आली, आणि एकदा ही वाट धरल्यावर मागे फिरणं नव्हतंच. शाळेत आपण साधारण हेच शिकलो, त्यामुळे वाचताना कुणाला काही खटकत नाही. पण एकातून दुसरं आपोआप निघालं असं जे यात गृहीत धरलंय, त्याला पुरावा मागितला की पंचाईत होते.

पहिलंच वाक्य घ्या: "शेतीचा शोध लागला." रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळून पडतात, नाही पडले तर ते गवत पसरणार कसं? शेतातल्या गव्हाची ओंबी मात्र दाणे धरून ठेवते, झोडपल्याशिवाय सोडत नाही. उत्खननात ओंब्यांचे जळके तुकडे सापडतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले की फरक कळतो. आपोआप गळलेल्याच्या बुडाशी गुळगुळीत वण असतो, मळणीत तुटलेल्याच्या बुडाशी खडबडीत. पश्चिम आशियातल्या वेगवेगळ्या काळांतले असे तुकडे मोजले गेले आहेत. खडबडीत वणांचं प्रमाण दोन-तीन हजार वर्षं हळूहळू वाढत गेलेलं दिसतं. म्हणजे शंभरेक पिढ्या लोक पेरत होते, वेचत होते, शिकारही करत होते, आणि आपण काही क्रांती करतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. शिवाय हे एकाच ठिकाणी झालं नाही. चीनमध्ये भात आणि राळा, मेक्सिकोत भोपळा आणि मका, दक्षिण भारतात मूग आणि आपला हुलगा अशी वेगवेगळी पिकं वेगवेगळ्या लोकांनी आपापली माणसाळवली.

"शेतीमुळे माणूस स्थिर झाला." याचा क्रमच उलटा आहे. आजच्या इस्रायलमधल्या ऐन मल्लाहा इथे सुमारे 14,000 वर्षांपूर्वी लोक दगडी पायाच्या गोल घरांत राहत होते आणि आपली माणसं तिथेच पुरत होते. जॉर्डनमधल्या शुबायका या जागी चुलीच्या राखेत भाकरीसारख्या पदार्थाचे करपलेले तुकडे मिळाले; ते 14,400 वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्या चारेक हजार वर्षं आधीचे. पीठ रानटी धान्याचं आणि कंदांचं. जपानच्या प्राचीन जोमोन लोकांनी तर मासे, चेस्टनट आणि ओकच्या बिया यांच्या जोरावर हजारो वर्षं गावं वसवली, मातीची भांडी घडवली.

"धान्य उरलं, वेळ मिळाला." जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1966 साली तुर्कस्तानच्या आग्नेय भागात रानटी गहू स्वतः कापून पाहिला, गारगोटीच्या पात्याचा विळा घेऊन. तासाला साधारण एक किलो स्वच्छ धान्य निघालं. त्याचा हिशेब असा की तीनेक आठवडे राबलं तर एका कुटुंबाला वर्षभर खाऊन उरेल इतकं साठतं. नांगरणी नाही, पेरणी नाही, राखण नाही. आता सीरियातल्या अबू हुरैरा गावातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे बघा: बायकांच्या पायांचे अंगठे झिजलेले, गुडघे आणि कंबर बिघडलेली. रोज तासन् तास गुडघ्यांवर बसून पाट्यावर दाणे भरडल्याच्या या खुणा आहेत. फावला वेळ कुणाला मिळाला, हे त्या मजकुरात कुठे सांगितलेलं नाही.

मंदिरांबद्दल थोडक्यात. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपेचे साडेपाच मीटरपर्यंत उंच कोरीव खांब सुमारे इ.स.पू. 9500 पासूनचे. ते मंदिर होतं की आणखी काही, यावर वाद आहे. ते उभारणारे मात्र हरणांची शिकार करून आणि रानटी धान्य भरडून खाणारे लोक होते, यावर नाही.

खरी गोम आहे ती "राजे, लिपी, शहरं" या शब्दांत. पश्चिम आशियात शेती रुजली इ.स.पू. 8500 च्या आसपास. आजच्या इराकमधल्या उरूक या प्राचीन शहरातल्या पहिल्या लिखित मातीच्या पाट्या इ.स.पू. 3300 च्या सुमाराच्या. मधली पाच हजार वर्षं हा मजकूर एका स्वल्पविरामात उडवतो. त्याच काळात तुर्कस्तानातल्या चाताल्होयुकसारखी वस्ती होती: एकमेकांना खेटून शेकडो घरं, मध्ये रस्ते नाहीत, शिडीने छतावरून घरात उतरायचं. प्रत्येक घरात स्वतःची धान्याची खोली. राजवाडा नाही, सरकारी कोठार नाही. हजारभर वर्षं ते असंच चाललं. न्यू गिनीच्या डोंगरातल्या कुक इथे जवळपास 7,000 वर्षांपूर्वी लोक केळी आणि अळकुड्या लावत होते. तिथे ना राजा आला, ना लिपी, ना शहर.

मग उरूकमध्ये वेगळं काय होतं? माझं मत असं की नुसत्या शेतीने राज्य उभं राहत नाही. पीक मोजता, साठवता आणि उचलून नेता आलं पाहिजे, आणि ते उचलणारा कुणीतरी पाहिजे. जव एकाच हंगामात पिकतं, उघड्यावर दिसतं, वाळवून ठेवलं तर टिकतं, मापाने मोजता येतं. अळकुडी जमिनीत लपून राहते आणि काढली की फार टिकत नाही. वसुलीला आलेल्याने करायचं काय? (कंद टिकाऊ केला की गोष्ट बदलते. दक्षिण अमेरिकेतल्या इंका राज्याच्या कोठारांत गोठवून वाळवलेले बटाटे असायचे.) उरूकमध्ये तिरप्या काठाची ओबडधोबड मातीची वाडगी ढिगांनी सापडतात. त्यांतून मजुरांना शिधा मिळत असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथल्या लिपीत "खाणं" लिहायचं तर माणसाचं डोकं आणि त्यापुढे वाडगं काढायचे. त्या पाट्यांवर काव्य नाही. जव, बिअर, मेंढ्या आणि मजूर यांच्या नोंदी आहेत. फावल्या वेळात सुचलेली कला म्हणून लिपी आली नाही. ती कारकुनाची चोपडी होती.

राहिलं "परतीची वाट नव्हती." ब्रिटनमध्ये शेती पोचल्यावर काही शतकांतच, इ.स.पू. 3300 च्या सुमारास, धान्य मागे पडलं आणि लोक गुरं राखत पुन्हा रानातल्या हेझेलनटकडे वळले. पण त्यासाठी इतकं लांब कशाला जायचं? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. जोर्वे या ताम्रयुगीन शेतकरी संस्कृतीच्या भरभराटीत, इ.स.पू. 1400 ते 1000, इथे ऐसपैस चौकोनी घरं होती, पाणी वळवायला बांध आणि पाट होता, जव पिकत होतं. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून कोठार सापडलं. ते गावच्या प्रमुखाचं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. मजकुराच्या हिशेबाने पुढची पायरी शहराची. प्रत्यक्षात इ.स.पू. 1000 नंतर चौकोनी घरं जाऊन तिथे लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक गुराढोरांवर आणि शिकारीवर जास्त विसंबू लागले. पाऊस कमी झाला म्हणून हे घडलं, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि त्या काळच्या लहान मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणाही दाखवल्या. म्हणजे हे मागे फिरणं काही सुखासुखी नव्हतं. इ.स.पू. 700 च्या सुमारास गाव ओस पडलं. पैठण, तेर, जुन्नर ही नगरं नावारूपाला आली ती आणखी काही शतकांनी, सातवाहनांच्या काळात, लोखंड आणि दूरचा व्यापार हाताशी आल्यावर. शेती तर दख्खनला त्याच्या दीड-दोन हजार वर्षं आधीपासून येत होती.