औषधाचा फायदा आणि औषधातला नफा

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा चिडलो, दुसऱ्यांदा त्यातलं काही पटलं. तुमचं म्हणणं असं: नफा, फायदा आणि लाभ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत आणि मी उगाच शब्दांचा कीस काढतो. शिवाय ‘नफा’ हिंदीतून घुसलेला आहे, आपला ‘लाभ’ असताना तो कशाला हवा? पुराव्याला तुम्ही गीतेतलं ‘लाभालाभौ जयाजयौ’ दिलंत. आणि जाता जाता, ‘ठेवीवर मिळणारा नफा’ हे माझं वाक्य चूक असल्याचं सुनावलंत.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ठेवीवर मिळतं ते व्याज. त्याचा दर आधीच ठरलेला असतो, आणि बँकेच्या हिशेबात तर ते खर्चाच्या बाजूला पडतं. माझ्या हातून घाईत गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हिंदीचं. शाळेतल्या गणिताचं हिंदी पुस्तक उघडा, धड्याचं नाव दिसेल ‘लाभ और हानि’. मराठी पुस्तकात तोच धडा ‘नफा तोटा’. म्हणजे हिंदीच्या वाटेने जायचं असेल तर तुमचाच ‘लाभ’ उचलावा लागेल! नफा मूळचा अरबी, फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला आणि रुळला. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात तो आहेच. त्याचा जोडीदार ‘तोटा’ मात्र इथलाच, तुटणे आणि तूट यांच्या कुळातला. परका नवरा आणि घरची बायको, पण संसार असा जमला की आता एकाचं नाव काढलं की दुसरं आपोआप येतं. हिंदीत नफ्याशेजारी नुकसान बसतं. आपल्याकडे नुकसान पिकाचं होतं, अब्रूचं होतं. हिशेबात येतो तो तोटा.

मुळावरून अर्थ ठरवायला निघालो तर काय घोळ होतो, तेही बघा. अरबीत नफ्याच्या मूळ शब्दाचा अर्थ उपयोग, हित. व्यापारातल्या नफ्याला तिथे वेगळाच शब्द आहे, ‘रिब्ह’. आणि आपला ‘फायदा’ ज्या अरबी शब्दावरून आला, तो तिथे बँकेच्या व्याजालाही वापरतात. म्हणजे मराठीने उलटीच वाटणी केली. उपयोगाचा शब्द हिशेबाला दिला आणि व्याजापर्यंत जाणारा शब्द सगळ्या जगाला मोकळा सोडला. (या न्यायाने माझी ठेवीवरची चूक निदान ‘फायदा’ लिहून केली असती, तर अरबीचा आधार तरी सांगता आला असता.)

हे तिन्ही शब्द कोशात एकमेकांच्या अर्थाला दिलेले असतात, हे खरं. पण समानार्थी शब्दांची खरी परीक्षा अदलाबदलीत होते. ‘या औषधाचा मला फायदा झाला’ असं रोगी म्हणतो. ‘या औषधात मला नफा झाला’ असं विकणारा म्हणतो. औषध तेच, बाटली तीच. एक शब्द बदलला आणि बोलणारा माणूसच बदलला. गैरफायदा घेता येतो, गैरनफा असं काही नसतं. नफेखोर असतो, लाभखोर नसतो. उलट, एखाद्या प्रदेशाला समुद्रकिनारा लाभतो, एखाद्याला दीर्घायुष्य लाभतं, आणि ‘ते घर त्यांना लाभलं नाही’ म्हणताना तर पैशाचा विषयही नसतो. लाभण्यात नशिबाचा हात असतो. नफा कुणाला ‘लाभत’ नाही, तो कमवावा लागतो, आणि कमावला की नाही हे आकडेमोड केल्यावरच कळतं.

तुमचा गीतेचा पुरावा मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. लाभाच्या समोर तिथे ‘अलाभ’ आहे. अलाभ म्हणजे न मिळणं. काही मिळालं नाही तर माणूस होता तिथेच राहतो. नफ्याच्या समोर तोटा आहे, म्हणजे होतं त्यातलंही गेलं. लाभाची मोजणी शून्याशी थांबते, नफ्याची शून्याच्या खालीही जाते. आता तुम्ही म्हणाल, ‘लाभ-हानी’ अशीही जोडी आहे. आहे, नाकारत नाही. पण रोजच्या बोलण्यात धंदेवाईक माणूस ‘यंदा हानी झाली’ म्हणताना मी तरी ऐकलेला नाही.

नफा ही वजाबाकी आहे. म्हणून ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ ही विशेषणं त्याला चिकटतात, फायद्याला चिकटत नाहीत. विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा केला की ढोबळ नफा. भाडं, पगार, व्याज, घसारा (वापराने वस्तूंची घटलेली किंमत), कर हे सगळं गेल्यावर उरेल तो निव्वळ. आणि तो कशावर मोजला हेही सांगावं लागतं. शंभराला घेतलेली वस्तू सव्वाशेला विकली तर शाळेच्या गणितात शेकडा नफा 25, कारण तो खरेदी किमतीवर काढतात. तोच व्यवहार विक्रीच्या किमतीवर मोजला तर शेकडा 20. दोन्ही आकडे खरे आणि तरी भांडण होतं.

माझ्या मते सगळ्यात बोलका फरक उधारीत दिसतो. माल उधारीवर गेला की वहीत विक्री लागते आणि नफाही लागतो. पैसे यायचेच असतात. गिऱ्हाईक चार महिने टाळाटाळ करतं, तोवर धंदा कागदावर नफ्यात आणि गल्ला रिकामा. असा नफ्यातला धंदा पगाराला पैसे नाहीत म्हणून बंद पडू शकतो. शेअरचा भाव चढला आणि तुम्ही विकला नाहीत, तरी तेच: कागदोपत्री नफा आहे, हाती लाभलं काहीच नाही. या परिच्छेदात ‘नफा’च्या जागी सगळीकडे ‘लाभ’ घालून वाचून बघा.

‘ना नफा ना तोटा’ या शब्दप्रयोगाने मात्र मलाही बरीच वर्षं फसवलं. वाटायचं, अशा संस्थेच्या वर्षाअखेरीच्या हिशेबात शून्यच यायला हवं. तसं नसतं. शिल्लक उरू शकते, चांगली भरघोस उरू शकते. ती सभासदांत वाटता येत नाही, संस्थेच्या उद्दिष्टावरच खर्चावी लागते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालच्या कंपन्यांचं असंच आहे: त्यांना लाभांश देण्याला मनाई आहे.

आणि इथे एक गुण तुमच्या पदरात टाकतो. नफ्यातून भागधारकांना जो वाटा मिळतो त्याला आपण ‘लाभांश’ म्हणतो, ‘नफांश’ नाही. अंश संस्कृत, त्याला सोबतही संस्कृतचीच मिळाली. पण अर्थाने पाहिलं तरी शब्द नेमका बसला आहे. कंपनीने मिळवला तोवर तो नफा होता. भागधारकाच्या खात्यात पडला, तेव्हा लाभ झाला.