पिवळं पान म्हणजे उपाशी रोप? भोपळ्याच्या रोपांबद्दलचा एक फॉरवर्ड

घरात खिडकीशी किंवा दिव्याखाली भोपळ्याची रोपं तयार करणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पान पिवळं पडलं की रोप उपाशी आहे, चमचाभर एप्सम सॉल्ट आणि चिमूटभर युरिया पाण्यातून द्या. रोपाने मान टाकली तर पाणी वाढवा. पानावर पांढरं दिसलं तर ती भुरी (पानावरचा बुरशीचा रोग), लगेच फवारा. आणि रोप भराभर उंच होतंय म्हणजे ते जोमात आहे. लक्षण दिसलं की औषध तयार, मधे रोपाकडे बघण्याची गरजच नाही. झुकिनीपासून लाल भोपळ्यापर्यंत कुठल्याही रोपावर हा मेसेज आंधळेपणाने वापरला तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं.

आधी पिवळ्या पानाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. पहिला प्रश्न खताचा नाहीच. कुठलं पान पिवळं पडलंय, हा आहे. बी उगवल्यावर जी दोन जाडसर, गुळगुळीत, लंबगोल पानं उघडतात ती दलपत्रं. भोपळ्याच्या बियांमधला जवळपास सगळा साठा या दोन दलांतच असतो. ती रोपाची शिदोरी म्हणायची. दोन-तीन खरी पानं कामाला लागल्यावर दलपत्रं पिवळी पडून वाळली तर तो आजार नाही, त्यांचं काम संपलं. खरं पान उघडायच्या आतच ती पिवळी पडत असतील तर मात्र गडबड आहे, आणि ती बहुतेक वेळा मुळांशी असते: माती थंड, ओली, हवा न खेळणारी.

खऱ्या पानांवरचा पिवळेपणाही एकसारखा नसतो. नत्र आणि मॅग्नेशियम रोप जुन्या पानांतून काढून नव्याकडे पाठवू शकतं, त्यामुळे त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर खालचं पान सरसकट फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याच्या कमतरतेत हिरव्या शिरांचं पिवळं पान शेंड्याला दिसतं. यातही मेख अशी की पुष्कळदा लोह मातीत असतं, पण मातीचा सामू (pH) जास्त असतो किंवा पाण्यात गुदमरलेल्या मुळांना ते उचलता येत नाही.

आता त्या मिश्रणाकडे बघा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट: साधारण १० टक्के मॅग्नेशियम, १३ टक्के गंधक, नत्र शून्य. शेंड्याच्या पिवळेपणावर त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणात आडवं येतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. शेतात ते पसरतं, पण मूठभर मातीच्या कपात त्याचा अमोनिया होतो आणि कोवळी मुळं भाजतात. ‘चिमूटभर’ हे माप कुणाच्या बोटांचं, हेही मेसेजमध्ये नसतं.

एका ठिकाणी मात्र मेसेजचं म्हणणं खरं ठरू शकतं. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, अन्नद्रव्यं नगण्य असतात. तिथे दलपत्रांचा साठा संपल्यावर रोप खरोखरच उपाशी राहतं. पण त्यालाही सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं, पाण्यात विरघळणारं संतुलित खत लागतं, तेही पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं किंवा त्याहून कमी.

‘मान टाकली तर पाणी वाढवा’ हा सल्ला सगळ्यात घातक. कप उचलून बघा. हलका लागला आणि बोट आत घातल्यावर माती कोरडी लागली, तर पाणी द्या. तासा-दोन तासांत रोप उभं राहील. कप जड असूनही रोप झुकलं असेल तर मुळांना हवा नाही, आणि वर आणखी पाणी ओतणं म्हणजे त्याला बुडवणंच. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, ज्याला कळतो त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण घरातल्या कपाला वाफसा असतो हेच लोक विसरतात. तिसरी शक्यता थंडीची. भोपळा उष्णतेचा वेल आहे: २५ ते ३५ अंशांत बी झटकन उगवतं, १५ च्या खाली जवळपास अडून बसतं. थंड मातीत मुळं पाणी ओढायला कचरतात आणि ओल्या मातीतही पानं मलूल दिसतात. रात्री खिडकीची कड खोलीपेक्षा बरीच गार होते, हे इथे लक्षात घ्यायचं.

झुकलेल्या रोपाचं खोड मातीलगत बारीक, करपट, दोऱ्यासारखं झालं असेल तर ते रोप कोलमडण्याच्या रोगाने गेलं. पिथियम किंवा रायझोक्टोनिया हे त्यामागचे नेहमीचे जंतू. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही, त्यावर दालचिनीची पूड भुरभुरवली तरीही. ते काढून टाका, बाकीच्या कपांची वरची माती सुकू द्या, वारा खेळू द्या. कपांभोवती काळी चिलटं घोंघावत असतील तर माती सतत ओली राहतेय, याची ती पावतीच; त्यांच्या अळ्या कोवळी मुळंही खातात.

पांढरं दिसलं की भुरी? भोपळ्याच्या कित्येक वाणांत पानावर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी ठिपके असतात. ते जन्मजात असतात, बोटाने पुसले जात नाहीत, जवळपास प्रत्येक पानावर तशीच नक्षी दिसते. भुरी गोलसर, पिठासारखी असते आणि पुसली की बोटाला लागते. रोप अचानक कडक उन्हात ठेवल्यावर पानावर कागदासारखे पांढरट चट्टे आले तर ते उन्हाने भाजणं आहे. त्याला फवारणी नको. रोप ७ ते १० दिवस थोडं थोडं करून उन्हावाऱ्याला सरावू द्यायला हवं होतं.

राहिली उंची. माती आणि दलपत्रं यांच्यामधलं खोड लांबच लांब, फिकट, वाकडं झालं असेल तर तो जोम नाही, रोप उजेड शोधत ताणलं गेलंय. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली रोपाला अंधारीच असते. साधी ट्यूब किंवा एलईडी पट्टी असेल तर ती पानांच्या वीतभर आत आणा, १४ ते १६ तास चालू ठेवा, आणि बी उगवल्यावर कपाखालची ऊब कमी करा. टोमॅटोसारखं खोड खोल पुरायची युक्ती इथे बेताने वापरा. भोपळ्याचं कोवळं खोड ओल्या मातीत सहज कुजतं.

फार ताणलेल्या रोपावर मी तरी वेळ घालवणार नाही. भोपळ्याचं बी ऊब मिळाली तर आठवड्याच्या आत वर येतं आणि ३ ते ४ आठवड्यांत रोप बाहेर लावण्याजोगं होतं. त्याहून जास्त दिवस कपात ठेवलं तर मुळं गोल गोल गुंडाळतात आणि पानं पुन्हा पिवळी पडतात, तेव्हाही तोच मेसेज खत घालायला सांगतो. अशा वेळी नवं बी पेरलेलं बरं. चांगल्या उजेडातलं ते रोप कपात अडकलेल्या जुन्या रोपाला बहुधा गाठतं.