‘एबुलियंट’ आणि उद्बलाची उठाठेव

अकरावीतल्या भाचीने इंग्रजीच्या प्रोजेक्टमध्ये ठोकून दिलंय: ‘एबुलियंट’ हा शब्द संस्कृत ‘उद्बल’वरून आला. कुठून काढलंस म्हटलं, तर घरच्याच ग्रुपवरचा फॉरवर्ड. असल्या गोष्टी मी न वाचता पुसतो, पण आता मार्कांचा प्रश्न आहे.

‘उद्’ म्हणजे वर, ‘बल’ म्हणजे जोर. जोर वर उसळला की माणूस उत्साही, झाला एबुलियंट! ऐकायला झकास. पण लॅटिनमध्ये ‘एबुल्लिरे’ म्हणजे उकळून वर येणं. त्यातला ‘ए’ म्हणजे ‘एक्स’, बाहेर. ‘इजेक्ट’, ‘इमिट’मध्ये आहे तोच. ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ सरळसरळ ‘उकळणारा’ असा होता. माणसांच्या स्वभावाला तो नंतर लागला. मुळात ‘बल’ असतं तर तो आधी पैलवानाला लागला असता, पातेल्याला नाही.

फॉरवर्डचा पुढचा मुद्दा तर कहरच. पोपच्या फर्मानाला ‘बुल’ म्हणतात, बुल म्हणजे बैल, अर्थात नंदी! अहो, त्या फर्मानाला शिशाची गोल मोहोर लटकवलेली असे. बुडबुड्यासारखी गोल, म्हणून ती ‘बुल्ला’, आणि मोहोरेचं नाव कागदाला पडलं. ‘बुलेटिन’ त्याच घरातलं. बैलवाला ‘बुल’ जर्मानिक, त्याचं गोत्रच वेगळं. नंदीला व्हॅटिकनला कशाला दौडवता?

संस्कृत ‘बुद्बुद’ आणि इंग्रजी ‘बबल’ सारखे वाटतात, कारण पाणी सगळीकडे बुडबुडच करतं. फॉरवर्ड नासाचाही दाखला देतो. तर तिथल्या एका संशोधकाचा 1985चा लेख संस्कृत व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे. ‘उद्बल’ त्यात शोधत बसू नका.

शेवटी फॉरवर्डच्या साक्षीला सर विल्यम जोन्स, कलकत्त्याचे इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक. 1786मध्ये कलकत्त्यात त्यांनी संस्कृतची वारेमाप स्तुती केली, हे खरं. फॉरवर्ड तिथेच थांबतो. त्याच वाक्यात पुढे ते म्हणतात की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. म्हणजे संस्कृत लॅटिनची बहीण, आई नव्हे.

नातं आहे, हे मात्र कबूल करावं लागेल, आणि तेही नेमकं उकळण्याच्याच बाबतीत. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘यस्’ धातू काढा: ऋग्वेदात फेसाळणं, पुढे धडपडणं. त्यावरून ‘आयास’, ‘प्रयास’ आणि आपले ‘सायास’. ग्रीक ‘झेइन’ म्हणजे उकळणं, ज्यावरून ‘एक्झिमा’ आला, आणि इंग्रजी ‘यीस्ट’ हे त्याच मुळाचे. पाव फुगवणारं यीस्ट आणि आपले सायास चुलत भावंडं निघाली! हे नुसत्या कानावर ठरलेलं नाही. संस्कृत ‘य’च्या जागी ग्रीकमध्ये ‘झ’ इतरत्रही सापडतो: बैलाच्या मानेवरचं जू संस्कृतात ‘युग’, ग्रीकमध्ये ‘झुगॉन’, इंग्रजीत ‘योक’. ‘उद्’चा लॅटिनमध्ये ‘ए’ झाल्याचं असं दुसरं एक तरी उदाहरण फॉरवर्डवाल्यांनी दाखवावं, मग बोलू.